उशिराचे कारण

वाघजाईच्या पठारावर विद्यापीठ बांधायची बुद्धी ज्या कुणाला झाली, त्याला स्वतःला तिथं कधी पायी जावं लागलं नसणार. मुख्य दारापाशी प्रशासनाची इमारत. तिथून चढ. चढावर वसतिगृहं, पुढं आणखी चढ, मग विज्ञान विभाग, आणि रस्ता अगदी संपतो तिथं वनस्पतिशास्त्राचं हर्बेरियम. दारापासून पावणेतीन किलोमीटर.

या हर्बेरियममध्ये सुवर्णा कुरणे एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होत्या. वाळवलेली रोपं जाड कागदावर दोऱ्याचे टाके घालून बसवायची, कपाटांत लावायची आणि त्यांना कसर लागू द्यायची नाही, हे त्यांचं काम. एकेचाळीस हजार रोपं त्यांच्या हाताखालून गेली होती. कुठलं रोप कुठल्या कपाटात हे संगणकाच्या आधी त्या सांगत, आणि याचा त्यांना थोडा गर्वही होता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि उजव्या गुडघ्यातली गादी झिजली होती.

त्या सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्या दारापाशी उभ्या होत्या आणि समोरून निळी गाडी रिकामी निघून गेली.

निळी गाडी म्हणजे 'ओघ'. दोन वर्षांपूर्वी, दोन हजार पस्तीस साली, विद्यापीठानं जुन्या डिझेल बस मोडीत काढल्या आणि बारा आसनांच्या, चालक नसलेल्या सव्वीस गाड्या आणल्या. थांबे नाहीत, वेळापत्रक नाही. रस्त्याकडेच्या खांबाला ओळखपत्र दाखवायचं, खांब हिरवा होतो, गाडी येते. सुवर्णाबाईंनी ओळखपत्र दाखवलं तेव्हा खांब हिरवा झाला होता. गाडी मात्र आली आणि गेली. मग दुसरी गेली, मग तिसरी.

तेवढ्यात कानात काहीतरी घातलेला पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी रस्त्याच्या कडेला आला. त्यानं ओळखपत्र खिशातून काढलंसुद्धा नाही. चाळीस सेकंदांत त्याच्यासमोर गाडी थांबली. सुवर्णाबाई त्याच्या मागोमाग चढायला गेल्या तर दारानं गोड आवाजात सांगितलं, "क्षमस्व. या फेरीत आपल्याला जागा नाही."

आत अकरा आसनं रिकामी होती. त्यांनी ती मोजली. संताप आला की त्या नेहमी काहीतरी मोजायच्या.

मग चालत निघाल्या. वसतिगृहाच्या चढावर कठड्याला टेकून तौसीफ मुजावर दम घेत होता. हा रसायनशास्त्राचा संशोधक, लहानपणापासून कुबड्यांवर चालणारा, आणि अंगात इतकी भीड की पायावर कुणी पाय दिला तरी हाच माफी मागेल. तो म्हणाला, गाड्या आज बिघडल्या असतील. मग शनिवारी काय झालं होतं, हे सुवर्णाबाईंनी विचारलं. शनिवारीही बिघडल्या असतील, असं तो म्हणाला. त्याच्या पुढं मेसच्या दोन बायका डोक्यावर भाजीची पातेली घेऊन चालल्या होत्या. वरून खाली, खालून वर निळ्या गाड्या सुळसुळत होत्या, आणि आतली माणसं खिडकीबाहेर बघतही नव्हती.

हर्बेरियमच्या दारातल्या कॅमेऱ्यानं त्यांचा चेहरा टिपला तेव्हा दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. नावापुढं लाल खूण पडली. महिन्यातली ती चौथी होती. सहा झाल्या की तुमची बदली खाली मुख्य दारापाशी जुन्या कागदपत्रांच्या गोदामात करावी लागेल, असं विभागप्रमुखांनी सांगून ठेवलं होतं. वर म्हणाले, तुमच्या गुडघ्याच्या सोयीसाठीच. हर्बेरियमला मग कुलूप लागणार होतं. सगळ्या रोपांचे फोटो काढून झालेत, आता कसर लागली तरी काय बिघडतं, असा त्यांचा हिशेब. एकतीस वर्षं जपलेलं एका कुलपात घालून आठ महिने गोदामात झुरळं मारायची, हा विचार सुवर्णाबाईंच्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी त्यांनी एकही टाका घातला नाही.

*

त्यांची मुलगी ईश्वरी ओघच्या नियंत्रण कक्षात अभियंता होती. सत्तावीस वर्षांची, हुशार, कंत्राटावर. मायलेकी पठाराच्या पायथ्याशी कर्मचारी वसाहतीत राहायच्या. ईश्वरीचे वडील दत्तात्रय कुरणे ती शाळेत असतानाच गेले होते. ईश्वरीची पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची, त्यामुळे आई वर कशी पोहोचते हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आईनं आजवर दोनदा ओळखपत्र बदलून घेतलं होतं. ओळखपत्रच खराब असणार, अशी दोघींची समजूत.

त्या संध्याकाळी आईनं चहाचा कप आपटला तेव्हा ईश्वरी म्हणाली, "आई, सरासरी थांबण्याची वेळ चौदा मिनिटांवरून साडेतीनवर आलीय. आम्हाला पुरस्कार मिळालाय त्याचा."

"मग माझी साडेतीन मिनिटं कुठं जातात ते बघ."

ईश्वरीनं लॅपटॉप उघडला आणि उघडता उघडता, आईला कितव्यांदा कोण जाणे, ओघ कसा चालतो ते समजावलं.

बस कधीच एकटी येत नाही, अर्धा तास वाट बघायला लावून दोन एकदम येतात, हा अनुभव सगळ्या जगाचा आहे. लोक चालकाला शिव्या देतात, पण त्यात चालकाचा दोष नसतो. एक बस जरा मागं पडली की पुढच्या ठिकाणी तिची वाट बघणारी माणसं वाढतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागं पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, म्हणून ती भरभर पुढं येते आणि पहिलीला गाठते. उशिरातून उशीर वाढत जातो. म्हणजे पहिला उशीर होऊच दिला नाही, तर सगळी साखळी सुरळीत चालते. आणि पहिला उशीर रस्त्यावर होत नाही, दारात होतो. कुणी चढायला चार सेकंद घेतं, कुणी चाळीस.

ओघनं हेच हेरलं होतं. प्रत्येक माणूस दारात किती वेळ खाईल याचा तो आधीच अंदाज बांधायचा आणि त्यावरून प्रत्येकाला शंभरपैकी एक आकडा द्यायचा. कक्षातले लोक त्याला ओघांक म्हणत. ज्याचा ओघांक मोठा, त्याला गाडी आधी. ज्याचा लहान, त्याला साखळी मोकळी असेल तेव्हा. मोकळी कधी असेल हे ओघ ठरवणार.

"तुझा किती?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"शहाण्णव."

"आणि माझा?"

ईश्वरीनं पान उघडलं आणि पडदा आईकडं वळवला. आकडा होता नऊ.

खाली कारण दिलं होतं. पूर्वेतिहास: उशिरास जबाबदार म्हणून नोंदी, एक हजार एकशे सेहेचाळीस. ओघ सुरू झाला तेव्हा त्याला शिकायला काहीतरी हवं होतं. कोऱ्या यंत्राला माणसं कळत नाहीत. म्हणून विद्यापीठानं जुन्या बसची अकरा वर्षांची फेरीपत्रकं गोदामातून काढली, त्यांची छायाचित्रं घेतली आणि यंत्राला वाचायला दिली. प्रत्येक फेरीच्या पत्रकात एक रकाना होता, 'उशिराचे कारण व जबाबदार व्यक्तीचे नाव'. यंत्रानं तो मन लावून वाचला. पुढचं त्याचं त्यानंच केलं. सुवर्णाबाईंना गाडी उशिरा मिळायला लागली, त्या कंटाळून चालू लागल्या, आणि हिला गाडी लागतच नाही असं यंत्रानं धरलं. आकडा आणखी घसरला.

"आणि जो कंटाळून चालायला लागला, त्याचं थांबणं तुमच्या साडेतीन मिनिटांत धरलंय का?"

ईश्वरीनं हिशेबाचं पान पुन्हा तपासलं. नव्हतं धरलं. चालत गेलेला माणूस ओघच्या लेखी थांबलेलाच नव्हता.

*

आता त्या अकराशे सेहेचाळीस नोंदींची गोष्ट, सुवर्णाबाईंनी त्या रात्री ईश्वरीला सांगितली तशी.

जुनी बस आप्पासो चौगले चालवायचे. त्या बसची एक रीत होती, ती कुठंच लिहिलेली नव्हती आणि सगळ्यांना ठाऊक होती. कुणी लांबून धावत येताना दिसलं की बसमधल्या एकानं खाली उतरून पायरीवर एक पाय ठेवायचा. पायरीवर पाय असेपर्यंत आप्पा गिअर टाकायचे नाहीत. आप्पा म्हणायचे, माणसाचा पाय गाडीत आणि धड बाहेर असताना गाडी हलवणं पाप आहे. मागं वळून ते बघायचेही नाहीत. आरशात पाय दिसला की विडी काढायचे.

बहुतेक वेळा तो पाय सुवर्णाबाईंचा असायचा. कारण त्या दाराजवळच्या आसनावर बसायच्या आणि त्यांना धावणारी माणसं दिसायची. ओले केस घेऊन पळत येणाऱ्या वसतिगृहाच्या मुली, तापानं फणफणलेला कुणी, हातात काचेची भांडी घेतलेला कुणी.

पुढं कुलसचिवांच्या कार्यालयानं फतवा काढला. तीन मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर कारण आणि नाव लिहायचं. विद्यार्थ्याचं नाव असलं तर घरी पत्र जायचं. मराठवाड्यातून आलेल्या एका मुलीच्या घरी अशी दोन पत्रं गेली. वडील आले, तिची ट्रंक उचलली आणि तिला घेऊन गेले. ती परत आली नाही. आप्पांनी स्वतःचं नाव घालून बघितलं तर त्यांनाच मेमो मिळाला. तेव्हा एक दिवस पायरीवर पाय ठेवूनच सुवर्णाबाई म्हणाल्या, "माझं नाव लिवा, आप्पा. मला काय करत्यात? पर्मनंट हाय मी."

त्या दिवसापासून आप्पांनी दुसरं नाव लिहिलं नाही. बसमध्ये ती गंमतच झाली. कुणी अडखळलं, कुणाचं दप्तर फुटलं, रस्त्यात म्हैस आडवी आली, तरी पोरं ओरडायची, लिहा, कुरणेमावशी. सुवर्णाबाईही हसायच्या. कार्यालयानं त्यांना कधी विचारलं नाही, कारण सुरुवातीचा जोर ओसरल्यावर ती पत्रकं कुणी वाचतच नव्हतं. अकरा वर्षांची ती सगळी पहिल्यांदा वाचली ती यंत्रानं, आणि त्याला गंमत कळत नव्हती.

*

आप्पा आता चौसष्टचे होते, पठाराखालच्याच गावात राहायचे. मंगळवारी रजा टाकून सुवर्णाबाई त्यांच्याकडं गेल्या. सगळं ऐकून आप्पा खाटेवरून उठले आणि भिंतीला हात धरून उभे राहिले. त्यांच्या हातून घडलं ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांचं तोंड पार उतरलं होतं.

ईश्वरीनं एव्हाना ओघचे संचालक डॉ. सबनीस यांच्याशी बोलून ठेवलं होतं. सबनीसांनी दुरुस्तीचा अर्ज पाठवला होता. नोंदी खोट्या आहेत असं लिहून द्यायचं, त्या पुसल्या जातील, आकडा वर येईल. फक्त अर्जात एक रकाना होता, खोटी नोंद करणाऱ्याचं नाव. ते लिहिलं की चौकशी होणार, आणि चौकशी होईपर्यंत आप्पांचं निवृत्तिवेतन अडकणार.

आप्पांनी अर्ज वाचलाही नाही. वहीचा कागद फाडला आणि आपल्या तिरक्या अक्षरात लिहून दिलं की सर्व नोंदी मी खोट्या केल्या. म्हणाले, "घिऊन जा हे. माझं काय ऱ्हायलंय आता. तू तुझी झाडं सांभाळ."

यावर सुवर्णाबाई त्यांच्यावरच भडकल्या. "तुमच्या नावावर पाय दिऊन मी गाडीत बसू व्हय? लाज नाही वाटत सांगायला?" असं त्या म्हणाल्या, आणि चौगलेवहिनींनी पुढं केलेला चहा न घेता निघाल्या. पण कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला होता. परत दिला नाही. वाटेत त्यांना स्वतःचा राग आला तो याचाच. बुधवारी आणखी एक लाल खूण पडली. आता एकच उरली.

*

सुनावणी गुरुवारी दुपारी तीनला, प्रशासनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. डॉ. सबनीस माणूस वाईट नव्हता. उभा राहून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यांचा आवाज त्यांच्या गाडीच्या आवाजासारखाच गोड होता. शेजारी उपकुलसचिव, आणि भिंतीवरच्या पडद्यापाशी ईश्वरी. तिनं आईच्या नावच्या नोंदी पडद्यावर काढल्या होत्या. तारीख, फेरी, मिनिटं, नाव. तारीख, फेरी, मिनिटं, नाव. यादी सरकत होती आणि प्रत्येक ओळीला 'श्रीमती सु. द. कुरणे' होतं, आप्पांच्या तिरक्या अक्षरात.

एका ओळीपाशी ईश्वरीचा हात थांबला. जूनची चौदा तारीख, दहा वर्षांपूर्वीची, उशीर अकरा मिनिटं. त्या दिवशी ईश्वरीची प्रवेशाची मुलाखत होती आणि ती हॉल तिकीट घरी विसरली होती. ती घरी पळाली होती, ते घेऊन परत आली होती, आणि बस उभी होती. आपलं नशीब चांगलं, एवढंच तेव्हा तिला वाटलं होतं. तिनं पुढची ओळ सरकवली, आईकडं बघितलं नाही.

"कुरणेबाई, तुमच्यावर अन्याय झालाय," सबनीस म्हणाले. "तुम्ही मुळात व्यवस्थित प्रवासी आहात. गुडघा धरूनही तुम्ही दारात सात सेकंदांपेक्षा जास्त घेत नाही. चुकून मंद लोकांच्या यादीत पडलात. ही सही केलीत की आज संध्याकाळी बाहेर येता."

सुवर्णाबाईंनी पर्स उघडली. कागद बोटांना लागला. मग त्यांनी विचारलं, त्या यादीत आणखी कोण आहे.

सबनीसांनी सांगितलं, लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. तीनशे चाळीस नावं होती. मेसच्या बायका, कारण पातेली. संगीत विभागातली चार अंध मुलं. दोन बाळंतपणाला टेकलेल्या. व्हीलचेअरवरचे एक प्राध्यापक, रसायनशास्त्रातला तो मुजावर. म्हणाले, त्यांच्याबद्दल सहानुभूती आहेच, पण त्यांच्या नोंदी खऱ्या आहेत, ते खरंच वेळ घेतात. त्यांच्यापायी सात हजार माणसांनी थांबायचं का? तीनशे चाळीस जणांना थोडं जास्त थांबावं लागतं आणि सात हजारांची रोजची दहा-दहा मिनिटं वाचतात. गणित साधं आहे.

सुवर्णाबाईंना मुजावर आठवला. कठड्याला टेकून, गाड्या बिघडल्या असतील म्हणणारा. या लोकांनी त्याला पायी चालवलं होतं आणि त्याचं चालणं हिशेबातून वगळून पुरस्कार घेतला होता. आणि आपण? आपण इथं आलो होतो ते हे सांगायला, की मी त्यांच्यातली नाही, मला त्यांच्यातून काढा. त्यांनी कागद सोडून पर्समधून हात बाहेर काढला.

"साहेब, बस कशासाठी असते?"

सबनीस हसले. "वेळ वाचवण्यासाठी."

"नाही. ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी असते. ज्याला चालवतं तो चालत जाईल की. तुम्ही धडधाकट माणसाला गाडीत बसवलंत आणि लंगड्याला चढावर सोडलंत, आणि वर म्हणता गणित साधं आहे."

उपकुलसचिवांनी घसा खाकरला. अर्जाचं बघू या, असं ते म्हणाले.

"अर्ज खोटा आहे," सुवर्णाबाई म्हणाल्या. "त्या नोंदी खऱ्या आहेत. अकराशे सेहेचाळीस वेळा गाडी मीच थांबवली, माझ्या पायानं. म्हैस आडवी आली असेल चार-दोनदा, ती वजा करा. आप्पा चौगल्यांनी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. तुमच्या यंत्रानं वाचलं ते बरोबर वाचलं, पण मी कुणासाठी थांबवली त्याचा रकानाच तुमच्या पत्रकात नव्हता."

"आई, सही कर," ईश्वरी दबक्या आवाजात म्हणाली.

सुवर्णाबाईंनी पर्स मिटली आणि उठल्या. सबनीसांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. मग माझ्या हातात काही उरत नाही, असं ते म्हणाले. उपकुलसचिवांनी जोडलं की आज दुपारची गैरहजेरी धरून खुणा सहा होतात, बदलीचा आदेश एक तारखेपासून लागू. सुनावणीला आलेल्या माणसाची गैरहजेरी. सुवर्णाबाईंना त्यावर हसू आलं, इतकं की ईश्वरी घाबरली.

*

पायऱ्या उतरून बाहेर आल्यावर ईश्वरी फुटली. या सुनावणीसाठी तिनं सबनीसांच्या किती विनवण्या केल्या होत्या. आपलं कंत्राट कुणाच्या हातात आहे याचा आईनं एकदा तरी विचार केला का? सगळ्या जगाचा मक्ता घेतलाय तो कुणी सांगितला होता? सुवर्णाबाईंनी ऐकून घेतलं. पोरीचं चुकत नव्हतं, आणि तरीही त्यांना तिचा राग आला होता, आपल्याच हातांनी वाढवलेल्या माणसाचा येतो तसा.

"वर सोडते तुला," ईश्वरी शेवटी म्हणाली. "माझ्याबरोबर सोबती म्हणून येता येतं. तुझी पिशवी, चष्मा, काय आहे ते आवर आज."

तिनं खांबाकडं नुसतं पाहिलं. शहाण्णव ओघांकाची माणसं खांबाकडं नुसती पाहतात. वीस सेकंदांत निळी गाडी आली. आत सात-आठ जण होते. ईश्वरी चढली. सुवर्णाबाईंनी उजवा पाय खाली ठेवला, डावा पायरीवर टेकला, आणि दांड्याला धरून सवयीनं मागं बघितलं.

ग्रंथालयाच्या बाजूनं मुजावर येत होता. पाठीवर पिशवी, दोन्ही कुबड्या, साठ-सत्तर पावलं लांब. गाडी उभी दिसली म्हणून त्यानं वेग वाढवला नव्हता. आपल्यासाठी ती उभी नसते हे तो शिकला होता.

सुवर्णाबाईंनी दुसरा पाय उचलला नाही.

"कृपया दार मोकळे करा," गाडी म्हणाली.

ईश्वरीनं मुजावरला पाहिलं, आईला पाहिलं आणि ओळखलं. "आई, नको. मागच्या सगळ्या गाड्या थांबतील. सव्वीसच्या सव्वीस. कक्षात लाल दिवे लागतील."

"लागू देत."

"त्यानं काही बदलत नाही. तुझा आकडा नऊचा चार होईल फक्त."

"शून्य होऊ दे. मला कुठं जायचंय आता? गोदाम दारातच आहे."

मागं दुसरी निळी गाडी येऊन थबकली, तिच्यामागं तिसरी. आतल्या एका प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं आणि ईश्वरीला विचारलं की या बाई तुमच्याबरोबर आहेत का. एका मुलीनं फोनवरून डोकं वर काढलं आणि पहिल्यांदाच खिडकीतून बाहेर बघितलं. मुजावरला आता कळलं होतं की गाडी थांबलीय. तो जागच्या जागी उभा राहून हातानं खूण करत होता, तुम्ही जा, तुम्ही जा. सुवर्णाबाई ओरडल्या, "चल लवकर. का तिथंच राहतोस?" त्या आवाजात माया नव्हती. नुसता संताप होता, एकतीस वर्षांचा आणि आजच्या दुपारचा. मुजावर निमूट चालायला लागला.

चाळीस सेकंद झाले तेव्हा गाडीचा आवाज बदलला. तोच गोडवा, पण शब्द कार्यालयाचे. "विलंब नोंदवला जात आहे. जबाबदार प्रवाशाचे नाव सांगा."

अकरा वर्षं ऐकलेला प्रश्न होता तो. सुवर्णाबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं.

"ईश्वरी दत्तात्रय कुरणे," मागून आवाज आला.

गाडीनं नाव परत उच्चारून खातरजमा केली. ईश्वरी हो म्हणाली. ती दारात आली होती, आणि तिचा पांढरा बूट आईच्या चपलेशेजारी पायरीवर होता.

सुवर्णाबाई तिच्यावर उखडल्या. "तुझं नाव कशाला? अक्कल आहे का? सबनीस उद्या तुला..."

"मला काय करत्यात?" ईश्वरी म्हणाली. तिचा पाय जागचा हलला नाही. "पर्मनंट हाय मी."

ती पर्मनंट नव्हती. तिचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं, आणि ते तिच्या आईला तिच्याइतकंच ठाऊक होतं. सुवर्णाबाईंनी दांडा घट्ट धरला.

मुजावर अजून वीस पावलं लांब होता.